पाचवा कान

१

मार्च २००२मधली गोष्ट. सकाळी बनुबाई दोन हंडे घेऊन आंबेमाळाच्या वाडीतून घळीत उतरली आणि रिकामे हंडे घेऊन परत वर आली. असं आजवर कुणी केलं नव्हतं. उन्हाळा कितीही कडक असो, घळीतल्या कुंडात गुडघाभर पाणी असायचंच. त्या सकाळी तळाचा गाळ उघडा पडला होता आणि मधोमध एक भेग दिसत होती.

तासाभरात चौदा घरांची ती धनगरांची वाडी माळावरच्या तंबूभोवती गोळा झाली. तंबू विनोदचा. पोरगं सव्वीस वर्षांचं, पाणी शोधणाऱ्या एका सरकारी कचेरीत नोकरीला. वाडीत खणलेली बोअर कोरडी गेली होती. आदल्या दिवशी त्यानं त्या बोअरमध्ये रबरी बूच बसवून, पंपानं प्रचंड दाबाचं पाणी आत सोडलं होतं. खडकाला तडे गेले की त्यातून पाणी झिरपतं, असा तो प्रयोग. वाडीनं दिवसभर बसून तो पाहिला होता.

"फोडलास ना खडक?" महिपत पुढे आला. साठीचा, वाडीचा कारभार बघणारा माणूस. "मी सांगत व्हतो, कुंडाला धक्का लागल. आता दे भरून."

"काका, जरा ऐका." विनोद तंबूच्या दाराकडे वळला. "माझ्याकडं नोंद आहे. काल खडक कुठं फुटला, किती फुटला, ते सगळं यंत्रानं ऐकलंय. कुंडापर्यंत तडा गेलेला नाही. आत्ता दाखवतो."

तो तंबूत शिरला. नोंदयंत्राची पेटी उघडली. कालच्या दिवसाची कॅसेट ज्या खाचेत असायची ती खाच रिकामी होती.

२

महाडला चवदार तळ्याजवळ दोन खोल्यांत माधुरी उतेकर राहत होत्या. वय बावन्न. एकोणीस वर्षं गुजरातेत तेलाच्या विहिरींवर काढून, पाठ गेली म्हणून मुदतीआधी निवृत्ती घेतलेली. सकाळचा चहा झाला की दुपारच्या जेवणापर्यंत काही करावंसं वाटत नसे, आणि जेवण झालं की झोप यायची. विनोदच्या कचेरीचे साहेब दारात आले तेव्हा त्यांनी आधी नाहीच म्हटलं.

"मॅडम, तालुक्यात हे काम कळणारं दुसरं कुणी नाही," साहेब म्हणाले. "वाडीवाले पोलिसांत गेलेत. वरून विचारणा झालीय की कॅसेट पोरानंच लपवली का. सोमवारी त्याच्या निलंबनाचा कागद निघेल."

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटून काय उपयोग?"

हे उत्तर माधुरीबाईंनी नोकरीत इतक्या वेळा ऐकलं होतं, की चिडण्याचासुद्धा त्रास वाटला. पण काम त्यांचंच होतं, हे खरं. तेलाच्या विहिरीत दाबानं पाणी आणि वाळू सोडून खोलवरचा खडक फोडतात. खडक तडकताना बारीक बारीक कंप सुटतात, माणसाच्या कानाला न कळणारे. ते पकडायला शेजारच्या विहिरीत यंत्रं सोडायची. कोणत्या यंत्राला कंप आधी पोचला, कोणत्याला नंतर, यावरून तडा कुठून कुठं गेला त्याचा नकाशा काढायचा. आयुष्याची एकोणीस वर्षं त्यांनी असं जमिनीखालचं ऐकण्यात घालवली होती. विनोदनं तीच युक्ती पाण्याच्या बोअरला लावली होती.

शुक्रवारी त्या एसटीनं पोलादपूरला उतरल्या. तिथून जीप. बोअरचं यंत्र वर नेण्यासाठी फेब्रुवारीत खरवडलेला कच्चा रस्ता होता, पहिल्या पावसात वाहून जाईल असा. प्रत्येक वळणावर त्यांच्या पाठीत कळ येत होती.

विनोद तंबूबाहेर बसला होता. दाढी वाढलेली.

"पाच यंत्रं पुरली होती," तो म्हणाला. "मी त्यांना कान म्हणतो. चार बोअरच्या भोवती, माळावर. पाचवा खाली कुंडापाशी. महिपतकाका कुंडाची काळजी करत होते, म्हणून मुद्दाम तिथं लावला. आता तीच नोंद गेली."

"कॅसेट कधी गेली?"

"दुपारी पंप बंद केल्यावर आवराआवर केली आणि संध्याकाळी पोलादपूरला फोन करायला गेलो. तंबू उघडाच. सकाळी पेटी पाहिली."

"दुसरी नोंद?"

"नाही." मग तो थबकला. "यंत्र चालू आहे ना हे बघायला मी दर अर्ध्या तासानं एक मिनिटाची कागदी पट्टी काढत होतो. पण त्यात काय असणार?"

"कुठं आहेत?"

त्यानं वहीतून आठ पट्ट्या काढल्या. माधुरीबाईंनी चष्मा लावला. प्रत्येक पट्टीवर पाच रेघा, एकेका कानाची एकेक. वरच्या चार रेघांवर बारीक टोकं इथं तिथं उमटली होती, कधी तीन लागोपाठ, कधी बराच वेळ एकही नाही. खडक तडकताना असाच तडकतो. आणि दरवेळी ती टोकं आधी पूर्वेकडच्या दोन कानांवर होती. म्हणजे तडे पूर्वेला गेले होते. कुंड पश्चिमेला.

"तू सुटलास," त्या म्हणाल्या.

विनोदनं डोळे मिटून घेतले. पण माधुरीबाईंची नजर पट्टीवरच खिळली होती. पाचव्या रेघेवर काहीतरी भलतंच होतं.

३

साडेअकराच्या पट्टीवर पाचव्या रेघेला चौदा उभी टोकं होती. दोन टोकांमधलं अंतर जवळपास सारखं. चार सेकंदांना एक.

"ते होय?" विनोद म्हणाला. "तेव्हाच दिसलं होतं. बायका धुणं धोपटत असतील म्हणून सोडून दिलं."

"धुणं सेकंदाला एक-दोनदा धोपटतात. आणि ओल्या कापडाचा ठोका पसरट उमटतो. हे टोक बघ, सुईसारखं. दगडावर लोखंड आहे हे." त्यांनी पट्टी त्याच्यापुढे धरली. "खडक कधी तालात फुटत नाही, विनोद. ताल माणसाच्या हाताला असतो."

त्यांनी पट्ट्या ओळीनं मांडल्या. अकराला पंप सुरू झाला तेव्हाच्या पट्टीवर काही नाही. साडेअकराला चौदा ठोके. बाराला अकरा. साडेबाराला एकही नाही, एकलाही नाही. दीडला आठ. दोनला सहा. अडीचला पुन्हा काही नाही.

"पंप कधी थांबला?"

"अडीचच्या जरा आधी. मधे थांबलाच नाही."

म्हणजे कुणीतरी पंपाच्या आवाजाच्या आडोशानं कुंडात घाव घालत होतं. एकटंच. दुसरं माणूस असतं तर हात बदलले असते, ताल पुन्हा जलद झाला असता. हा ताल मंदच होत गेला होता. दोन वाजताच्या त्या सहा ठोक्यांकडे माधुरीबाई बराच वेळ बघत राहिल्या. दमलेला हात त्यांना ओळखू आला.

दोघं घळीत उतरली. उतरायला वीस मिनिटं लागली. पायाखाली झिजलेले दगड, मधेच एक वळण इतकं अरुंद की विनोदनं त्यांचा हात धरला. कुंडात उतरून त्यांनी गाळ बाजूला सारायला लावला. भेगेच्या एका टोकाला दगडगोटे नीट दाबून बसवले होते. विनोदनं ते उपसले. खाली मूठ जाईल एवढं भोक होतं. त्याच्या कडांवर पांढरे घाव होते, पहारीच्या टोकाएवढे.

"पाणी या भोकातून खाली गेलं," विनोद पुटपुटला. "पण खाली म्हणजे कुठं?"

घळीच्या पायथ्याशी, रस्त्यालगत, श्रीपतराव मोऱ्यांची वाडवडिलार्जित जमीन होती. त्यात एक विहीर. दोघं तिथं पोचली तेव्हा श्रीपतराव काठावर उभे राहून आत डोकावत होते.

विहिरीचं पाणी दोन हात चढलं होतं.

४

"लपवतोय कुठं?" श्रीपतराव म्हणाले. सत्तरीचे, जाड भिंगाचा चष्मा, आवाज चढाच. "बुधवारपासून वाढलंय. मी स्वतः त्या महिपतला निरोप धाडलाय, की बाबा, तुमचं पाणी इकडं आलंय."

"बुधवारी, पंप चालला त्या दिवशी, तुम्ही कुठं होतात?"

"महाडला, कोर्टात. बांधाची तारीख होती. सकाळी दहा ते चार बाकावर बसून काढले, आणि पुढची तारीख घेऊन आलो. वकिलाला विचारा."

विनोदनं पोलादपूरहून फोन करून विचारलं. खरं होतं. घरात श्रीपतरावांशिवाय अंथरुणाला खिळलेली त्यांची बहीण तेवढी.

मग राजू. पंप चालवणारा, पोलादपूरचाच, तीन वर्षं मुंबईत काढून आलेला. सगळं खापर दाबावर फुटलं तर त्याचा ठेका जाणार होता.

"मॅडम, मैं बोलतो, मी पंपापासून हललोच नाय. सगळी वाडी साक्षीला हाय. जेवलो पन तिथंच उभ्यानं."

"जेवण कुणी आणलं?"

"साळूबाईनं. महिपतकाकाची बायको. साडेबारा-पाऊणला आली असंल. सगळ्यांना भाकरी वाढली, भांडी गोळा केली नि गेली. म्हातारी इतकी दमलेली, घामानं थबथब. लुगड्याचा काठ पन ओला."

"ओला? घरून आली ना ती?"

राजूनं खांदे उडवले. "घरूनच आली. पानी सांडलं असंल."

महिपतनं माधुरीबाईंना ओसरीवर बसवलं. कचेरीच्या कागदावर त्याचा राग होता. बोअर लागली नाही तर वाडी खाली रस्त्यालगतच्या सरकारी जागेत हलवायची, असा तो कागद. वाडीतल्या सगळ्या बाप्यांनी अंगठा द्यायला नकार दिला होता.

"ढोरं कुठं चरायची खाली?" तो म्हणाला. "आनि कुंड हाय तंवर आमाला कशाची कमी? देवाचं पानी हाय ते. आजपतुर आटलं नाय."

"कुंडाची साफसफाई कोण करतं?"

"काय?"

"गाळ, शेवाळ. तळ घासावा लागत असेल ना वर्षातून एकदा."

महिपतला प्रश्नच विचित्र वाटला. "बायका करतात. आमची हीच करते. मी काय त्यात उतरलोय कदी?"

साळूबाई चहा घेऊन आली. पंचावन्न-साठीची, वाकलेली. कपबशी तिनं दोन्ही हातांच्या ओंजळीत, पदराच्या घडीत धरली होती. कप ठेवला तरी पदर हातातून सोडला नाही.

माधुरीबाईंनी चहा घेतला. चहा बरा होता. तो संपेपर्यंत त्यांना सगळं कळून चुकलं होतं, आणि ते न कळतं तर बरं झालं असतं असं वाटत होतं.

५

महिपत ढोरांकडे गेला तेव्हा माधुरीबाई आत गेल्या. चुलीशेजारी गोधडीवर एक तरणी बाई टेकून बसली होती, एक पाय लांब केलेला. साळूबाईची सून, निशिगंधा.

"साळूबाई, हात दाखवता?"

साळूबाईनं एकवार सुनेकडं पाहिलं. मग पदर सोडला. दोन्ही तळवे फुटले होते. फोड, त्यावर हळद.

"कसं कळलं, बाय?"

"कुंडाच्या तळावर एकाच जागी घाव आहेत. चाचपून बघितल्याची एकही खूण नाही. खडक पातळ कुठं आहे हे आधीच माहीत असणाऱ्यानं ते केलं. ते तळ घासणाऱ्यालाच कळतं. दुपारी तासभर घाव थांबलेत, त्याच वेळी तुम्ही माळावर भाकरी वाढत होता. आणि लुगडं ओलं होतं. कुंडाकडं तर त्या दिवशी दुसरं कुणी फिरकलंच नव्हतं, सगळी वाडी माळावर बसलेली. पाणी सगळ्यांनी सकाळीच भरलं होतं."

"त्या जागी पहारीचं टोक लागलं की पोकळ वाजतंय," साळूबाई म्हणाली. "मी सून होऊन आले तवापासनं म्हाईत हाय मला."

"कॅसेट?"

"तो पोरगा सांगत व्हता, ह्ये मशीन मुंगी चालली तरी ऐकतंय. मला धास्ती बसली. माजं समदं ऐकलं असनार." ती उठली, भाताच्या कणगीत कोपरापर्यंत हात घातला आणि कापडात गुंडाळलेली कॅसेट काढून माधुरीबाईंच्या पुढ्यात ठेवली. "त्या पोराची नोकरी जानार हाय म्हनं. ते नव्हतं माज्या मनात. उद्या-परवा गुपचूप ठेवून येनार व्हते."

"का केलंत?"

निशिगंधाच बोलली, खाली बघत.

"श्रावणात घळीच्या वळणावर पाय सटकला माझा. डोक्यावर दोन हंडे. सातवा महिना होता. झोळी करून खाली रस्त्यावर नेईपर्यंत दुपार झाली. पोरगी होती. आणि हा पाय असा." तिनं लांब केलेल्या पायावर हात ठेवला. "आता माझ्या वाटणीचं पाणी सासूबाईच आणतात."

"दिसातनं सहा खेपा," साळूबाई म्हणाली. "वीस मिन्टं उतरायला, भरलं की अर्धा तास चढायला. मी ह्यांना म्हनले, खाली जाऊ. दहा येळा म्हनले. ह्ये म्हनायचं, कुंड हाय ना? कुंड हाय तंवर गडी मान्सं हलनार नाय, बाय. मग म्हनलं, कुंडच नको." तिनं तळवे मांडीवर पालथे ठेवले. "पानी मारलं नाय मी. खाली धाडलं. मोऱ्याच्या हिरीत उतरनार, ते मला ठावं व्हतं. घाव घालताना रडायला येत व्हतं, तरी घातलं."

माधुरीबाईंनी कॅसेट उचलून घेतली. पाठ दुखत होती. एकोणीस वर्षांत त्यांनी हजारो तड्यांचे नकाशे काढले होते. त्या टोकांमागं कुणाचा हात असेल असा विचार करायची वेळ कधी आली नव्हती.

"मी अहवालात लिहीन की पंपानं काही झालं नाही, तळ हत्यारानं फोडलाय," त्या अखेर म्हणाल्या. "कुणी फोडला ते शोधणं माझ्याकडं नाही. पोरगा सुटेल. तुमचं नाव मी घेणार नाही."

बाहेरून आरडाओरडा ऐकू आला. विनोद धावत ओसरीवर आला.

"मॅडम, चला! भोक सापडल्याचं वाडीत कळलंय. मोऱ्यांनी पाणी चोरलं म्हणून सगळे कोयते घेऊन खाली निघालेत."

६

माळाच्या कडेला दहा-बारा जण जमले होते. पुढे महिपत. घळीची वाट इथूनच सुरू होत होती.

"श्रीपतराव त्या दिवशी महाडला होते!" माधुरीबाई ओरडल्या. "मी खात्री केलीय!"

"त्याची मान्सं असतील!" महिपत मागे वळला. "पानी कुनाच्या हिरीत गेलं? आमी गप बसायचं? तुमी मशीनवाल्या ना? मग सांगा नाव! कुनी देवाच्या पान्यावर घाव घातला?"

माधुरीबाईंनी शब्द दिला होता. खाली जाड भिंगाचा एक म्हातारा आणि त्याची खिळलेली बहीण, दोघंच घरात होती. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं.

"सांगता येत नाय ना? चला रे!"

"थांबा."

साळूबाई गर्दीतून पुढे आली. तिनं दोन्ही हात पसरून पुढे धरले.

"मी घातले घाव. हिरीवाल्याला हात लावू नका."

महिपत तिच्या तळव्यांकडे बघत राहिला.

"येड लागलं का गो तुला?"

"लागलं असंल. तुमी येक दीस तरी खाली जाऊन हंडा आनलाय? येक दीस? सुनेचं पोर घळीत गेलं तवा तुमी म्हनलात, देवाची मर्जी. मी गप ऱ्हायले. आता पानी खाली गेलंय. ही पन देवाची मर्जी म्हना."

महिपतचा कोयत्याचा हात वर झाला, तो मारायला की नुसताच, ते माधुरीबाईंना नक्की सांगता आलं नसतं. बनुबाई मात्र चालत आली आणि साळूबाईला खेटून उभी राहिली. मग आणखी एक. मग एकेक करत वाडीतल्या सगळ्या बायका.

गडी पांगले. महिपत एकटाच दुपारभर माळावर बसून होता.

७

विनोदच्या निलंबनाचा कागद निघाला नाही. कॅसेटमधली नोंद पट्ट्यांशी तंतोतंत जुळली. बोअरला तड्यांमधून पाणी आलं, पण दिवसाला वीस-पंचवीस हंडे. चौदा घरं आणि ढोरं, त्यात भागणं शक्य नव्हतं. "कुणी फोडला" या रकान्यात माधुरीबाईंनी "सांगता येत नाही" असं लिहिलं. साहेबांनी वाचलं, त्यांच्याकडं पाहिलं आणि सही केली. पोलिसांकडची तक्रार वाडीनं मागं घेतली.

महिपत बायकोशी आठ दिवस बोलला नाही. पुढचं सारं विनोदनं महाडला येऊन सांगितलं. तंबू काढायला तो वाडीत गेला होता.

आता पाण्यासाठी श्रीपतरावांच्या विहिरीपर्यंत जावं लागत होतं, म्हणजे वाट दुप्पट झाली होती. बायका तक्रार न करता जात होत्या. नवव्या दिवशी सकाळी महिपतनं घरातला हंडा उचलला आणि कुणाला न सांगता खाली उतरला. डोक्यावर तोलता येईना म्हणून भरलेला हंडा खांद्यावर घेतला. अर्धं पाणी सदऱ्यावर सांडलं. घळीच्या त्या अरुंद वळणावर तो दगडावर बसला, तो बसलाच. मागून साळूबाई आली. डोक्यावर दोन हंडे, कमरेवर एक. तिनं त्याच्याकडं पाहिलं, थांबली नाही, बाजूनं चढून गेली.

तो वर पोचला तेव्हा उन्हं डोक्यावर आली होती. हंड्यात चार तांबे पाणी उरलं होतं. ते त्यानं माठात ओतलं आणि सुनेच्या गोधडीशेजारी भिंतीला टेकून बसला. बराच वेळ दम खात राहिला.

मग म्हणाला, "अंगठ्याचा कागुद कुनाकडं हाय?"